ज्या तळ्याचं पाणी प्यायलो

मे महिन्यात वेण्णा लेक पाहायचा असेल, तर सकाळी सहाच्या आत बांधावर पोचावं. त्या वेळी तिथे पर्यटक नसतो. होड्या साखळीला बांधून एकमेकींना लागून उभ्या असतात. मेटगुताडच्या बाजूने घोडेवाले आपापली जनावरं घेऊन येत असतात. कुणी खोगिराचा पट्टा आवळतो, कुणी घोड्याच्या मानेवरून ओला हात फिरवतो. मक्याच्या कणसांची पोती उतरतात. आदल्या रात्रीच्या कागदी प्लेटा, स्ट्रॉबेरी-क्रीमचे पेले, खाऊन टाकलेली कणसं झाडून गोळा केली जातात. पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो. खाली वाईत माणसं उकाड्याने तळमळत असतात आणि इथे अंगावर शाल लागते.

त्या शांत वेळी बांधाच्या दगडांकडे नीट पाहावं. दिवाळीत पाणी कुठपर्यंत होतं, त्याची रेघ दगडांवर उमटलेली असते. आजचं पाणी त्या रेघेच्या बरंच खाली असतं. मधला उघडा पट्टा म्हणजे साऱ्या गावाने आणि गावात आलेल्या साऱ्या पाहुण्यांनी सहा महिन्यांत प्यायलेलं, वापरलेलं आणि उन्हाने शोषलेलं पाणी. दहा-अकरा वाजता पाचगणीच्या बाजूने गाड्यांची रांग लागते, काठ माणसांनी भरतो, आणि मग त्या रेघेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या आल्बममध्ये या तळ्यावरचा एक फोटो सापडतो. होडीत दाटीवाटीने बसलेलं कुटुंब, मधे आजी, कडेला वल्हं धरून उगीच पोझ घेतलेले काका, पुढे दोन मुलं, मागे पाणी आणि झाडी. आमच्याही घरात असे फोटो आहेत, चार पिढ्यांचे. हा लेख त्या फोटोंमुळे लिहावासा वाटला. ते एकापुढे एक मांडले तेव्हा माणसं जितकी बदललेली दिसली, तितकंच त्यांच्या मागचं तळंही बदललेलं दिसलं. एकदाच येणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नसतो. वर्षानुवर्षं परत येणाऱ्या घरांनाच ते कळू शकतं, आणि म्हणून त्या घरांवर या तळ्याचं काही देणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

राजाने बांधलेलं तळं

महाबळेश्वरच्या डोंगराला निसर्गाने नद्या दिल्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं उगमस्थान मानलं जातं. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेची वाट धरतात. वेण्णा लिंगमळ्याला कड्यावरून कोसळते, केळघर-मेढ्याच्या खोऱ्यातून वाहत जाते, कण्हेरच्या धरणात थांबते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. याच नदीच्या अगदी वरच्या टप्प्यावर, गावाच्या अलीकडच्या सखल जागेत बांध घालून हे तळं केलेलं आहे.

ते केलं साताऱ्याचे राजे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांनी, १८४२ साली. त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी या डोंगरावर चढून आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला इथली हवा आवडली. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि ईस्ट इंडिया कंपनी सरकार यांच्यात करार झाला आणि खंडाळा गावाच्या बदल्यात डोंगरावरची जमीन कंपनीकडे गेली. नव्या वस्तीला माल्कम पेठ हे नाव पडलं. साताऱ्याहून मेढ्यामार्गे वर येणारा रस्ता राजानेच करवून दिला होता. पण दहाच वर्षांत, १८३९ साली, कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि त्यांचे भाऊ शहाजी गादीवर आले. त्यांच्या काळात तळं झालं. १८४८ साली ते वारले. त्यांचा दत्तक वारस गव्हर्नर-जनरल डलहौसीने मान्य केला नाही आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. म्हणजे तळं बांधून पुरं झाल्यावर ते बांधणारं राज्य सहाच वर्षं टिकलं. तळं पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

सुमारे २८ एकरांचं हे पाणी. ते मुळात पिण्यासाठी आणि मळ्यांसाठी होतं, ही गोष्ट आज नौकाविहाराच्या गर्दीत सहज विसरली जाते. इंग्रजांनी इथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग ठेवला होता. त्या कैद्यांनी ओलिताच्या जागांवर भाजीपाल्याचे मळे पिकवले, बटाटा पिकवला. १८६४ साली तुरुंग बंद झाला. त्यांच्यापैकी कुणाचंच नाव आज गावात कुणी घेत नाही. ‘चायनामन फॉल’ या धबधब्याच्या नावात तेवढी त्यांची खूण उरली आहे. इथली तांबडी गाजरं, मुळे आणि श्रावणघेवडा पिशव्या भरून घरी नेणाऱ्यांनी ते मळे आणि ते हात आठवावेत.

वाटा बदलत गेल्या

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईकर माणूस महाबळेश्वरला यायचा तो समुद्रमार्गाने. आगबोटीने बाणकोटच्या खाडीतून दासगाव-महाडपर्यंत आणि तिथून पालखीने घाट चढून. पुढे फिट्झगेराल्ड घाट झाला, तोच आजचा आंबेनळी घाट. पुणे-सातारा बाजूला रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने वाई आणि तिथून पसरणीचा घाट, ही वाट रुळली. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्कामच इथे असे. गव्हर्नर येई, त्याच्यामागे अधिकारी येत, त्यांच्यामागे मुंबईचे पारशी, भाटिया, गुजराती शेठ येत. त्यांचे बंगले गर्द झाडीत होते आणि त्यांचा मुक्काम महिना-दीड महिन्याचा. स्वयंपाकी, दाया, भांडीकुंडी, पियानोसुद्धा घाट चढून येत. मराठी मध्यमवर्गाला त्या काळी महाबळेश्वर ठाऊक होतं ते मुख्यतः क्षेत्र म्हणून. कृष्णामाईचं दर्शन, पंचगंगेचं स्नान, झालंच तर प्रतापगडाची भवानी, आणि परत.

हे बदललं ते एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत शिक्षक, कारकून, पोस्टमास्तर यांच्या बायकामुलांना घाट चढून वर येण्याची सोय झाली. आमचे आजोबा पुण्यात शिक्षक होते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते आजीला आणि मुलांना घेऊन पहिल्यांदा इथे आले. कात्रज, मग खंबाटकी, मग सुरूर फाट्याला वळून वाई, वाईत ढोल्या गणपतीला हात जोडून पसरणीची वळणं. आत्याला त्या प्रवासातली ओकारीही आठवते आणि पाचगणी सोडल्यावर खिडकीतून आलेली पहिली गार झुळूकही. पाचगणी ते महाबळेश्वर १९ किलोमीटर. गाव यायच्या आधी तळं येतं. कुणीतरी ओरडायचं, ‘लेक आला!’, आणि गाडीतले सगळे एका बाजूच्या खिडक्यांवर झुकायचे.

तळं आधी आणि गाव नंतर, ही रचना फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळेच हे तळं लाखो लोकांच्या मनात सुट्टीची सुरुवात होऊन बसलं. आज तिच्यामुळेच सगळी कोंडी नेमकी तळ्यापाशी होते, कारण डोंगरावर येणारा मुख्य रस्ता पाण्याला घासून जातो. माझ्या मुलीची पिढी तळं पहिल्यांदा पाहते ती थांबलेल्या गाडीच्या काचेतून, समोरच्या गाडीचे लाल दिवे बघत.

आठ दिवसांचे दीड दिवस

आजोबांच्या काळात सुट्टी आठ दिवसांची असे. बाजारपेठेमागच्या एका घरात खोली भाड्याने घ्यायची. वातीचा स्टोव्ह, तांदूळ, डाळ, मेतकूट, लोणच्याची बरणी पुण्याहून बरोबर. आजी सकाळचा स्वयंपाक उरकायची आणि मग सगळे चालत निघायचे. एक दिवस एक पॉइंट. मुंबई पॉइंटला सूर्यास्त, आर्थर सीटला वारा, एल्फिन्स्टनला दरी. पण रोज संध्याकाळी तळ्यावर जायचंच. होडी परवडायची ती एकदाच, शेवटच्या दिवशी. उरलेल्या संध्याकाळी काठाकाठाने फिरायचं, फुटाण्यांची पुडी चौघांत वाटायची, पाण्यात जांभळीच्या सावल्या लांबत जाताना बघायच्या. वडिलांना त्या तळ्याचे सगळे कोपरे ठाऊक झाले ते याच रिकाम्या संध्याकाळींमुळे. कुठल्या बाजूला झरा पाझरतो, कुठे चिखल आहे, बगळे कुठे बसतात, हे ते पुढे आम्हाला हाताला धरून दाखवत.

वडिलांच्या पिढीत नोकरदारांना रजा प्रवास सवलत मिळू लागली. एलटीसी हा घरातला आनंदाचा शब्द होता. निकाल लागला, मामाकडे आंबे खाऊन झाले, की मेच्या तिसऱ्या आठवड्यात महाबळेश्वर. खोलीऐवजी हॉटेल किंवा पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, मुक्काम तीन रात्रींचा. पायी भटकण्याची जागा टॅक्सीच्या ‘पॉइंट दर्शन’ने घेतली. होडी आता दोनदा-तीनदा होऊ लागली, घोड्याची फेरी आली, बंदुकीने फुगे फोडणं आलं, चामड्याच्या चपला, नक्षीच्या काठ्या, जांभूळ मधाच्या बाटल्या, मलबेरीचा जॅम अशी खरेदी आली. आमच्या बालपणीची सगळी गोडी या तीन रात्रींत आहे. स्वेटर घालून खाल्लेलं गरम कणीस, ओठांवर लिंबू-तिखट, आणि अंधार पडल्यावर पाण्यात थरथरणारे काठावरचे दिवे.

आता आम्ही शुक्रवारी रात्री निघतो आणि रविवारी दुपारी परततो. पुण्याहून अंतर तेच, १२० किलोमीटरच्या आसपास. रस्ता चौपट चांगला. पण हाती लागतो दीड दिवस, आणि त्यातला बराचसा वाहनतळ शोधण्यात जातो. मुलीला मी होडीत बसवलं, घोड्यावर बसवलं, स्ट्रॉबेरी-क्रीम दिलं. वडिलांनी मला दाखवलेला पाझर मात्र तिला दाखवायचा राहून गेला होता, कारण त्यासाठी काठाने तासभर चालावं लागतं आणि दीड दिवसात तासभर मोकळा निघत नाही. पुढच्या खेपेला आम्ही बाकी सगळं सोडून तेवढंच केलं. ती वाकून त्या थंड पाण्यात हात घालून बसली आणि तिने विचारलं, हे पाणी येतं कुठून?

वर जांभा, खाली काळा दगड

त्या प्रश्नाचं उत्तर डोंगराच्या पोटात आहे. महाबळेश्वरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंच. वर जांभ्या दगडाचा थर आणि त्याखाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो आत घेतो. ते पाणी मुरत खाली जातं आणि काळ्या दगडावर पोचलं की अडतं. मग आडवं सरकत जिथे उतार मिळेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पठाराच्या कडेकडेने झिरपणारे सगळे झरे याच रीतीने वाहतात. पाऊस संपल्यावरही काही महिने डोंगर ओला राहतो तो यामुळे.

आता पाऊस किती, ते पाहू. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच ढग पूर्वेला ३० किलोमीटरवर वाईला पोचतो तेव्हा आकडा हजाराच्याही खाली येतो. जुलै २०२१ मध्ये एका दिवसात इथे जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि घाटरस्ते वाहून गेले. जुन्या घरांच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी गवताच्या झड्या लावत. आज त्या जागी प्लॅस्टिकचे कागद दिसतात. महिने-महिने धुकं हटत नाही, कपडे वाळवायला शेगडी लागते. जून संपता संपता किंवा जुलैत तळं भरून सांडव्यावरून वाहू लागतं आणि साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी ती बातमी येते. बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: महाबळेश्वर आणि पाचगणीला पाणी पुरवणारा वेण्णा लेक भरला.

दोन्ही गिरिस्थानांना पाणी पुरवणारा. होडीत बसलेल्या पाहुण्यांपैकी बहुतेकांना ही गोष्ट माहीत नसते. हॉटेलात जो चहा ते पितात, ज्या पाण्याने आंघोळ करतात, ते याच तळ्यातलं.

इतका पाऊस पडूनही मे महिन्यात टंचाई का, हे यावरून समजतं. पठाराला दोन्हीकडून खोल दऱ्या आहेत. पडणारं बहुतेक पाणी तासाभरात कोयनेकडे, सावित्रीकडे, कृष्णेकडे निघून जातं. मुरलेलं पाणी झरे हळूहळू सोडतात, पण मार्चनंतर तेही क्षीण होतात. साठा म्हणून हाताशी राहतं ते तळं. त्यात पाण्याची आवक सगळ्यांत कमी असते ती एप्रिल-मेमध्ये, आणि गावात माणसं सगळ्यांत जास्त असतात तीही त्याच महिन्यांत. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर शहराची लोकसंख्या तेरा हजारांच्या आसपास होती. मेच्या शनिवार-रविवारी त्यात पाहुण्यांची भर पडते, आणि पाहुणा घरच्यापेक्षा सढळ हाताने पाणी वापरतो. सुट्टी म्हणजे शॉवरखाली जरा जास्त वेळ उभं राहणं, अशी आपली सवय झालेली आहे.

त्यात गाळाचा प्रश्न. इथली माती लाल आणि सुटी. झाडी होती तोवर मुळांनी ती धरून ठेवलेली होती. जिथे उतार खणून इमारत उभी राहते तिथे पहिल्या पावसात ती माती खाली येते, आणि खाली तळं आहे. काठावर घोड्यांची लीद, टाकलेलं अन्न, गाड्यांचं तेल, तेही पावसासोबत पाण्यातच जातं. केंद्र सरकारने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हापासून बांधकामांवर बंधनं आहेत. त्यांचं पालन कसं होतं, यावर डोंगरावर सतत वाद चालतो. गावकऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी: ज्या जमिनीवर चार पिढ्या राहिल्या तिथे मुलासाठी एक खोली वाढवणंही अवघड होऊन बसतं, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण डोंगराच्या माथ्यावर एवढं एकच तळं आहे, आणि ते गाळाने भरलं तर दुसरं करायला तशी सखल जागा उरलेली नाही.

काठावरची दुसरी घरं

तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या येणारी घरं दोन प्रकारची आहेत. एक आमच्यासारखी, सुट्टीला येणारी. दुसरी त्या सुट्टीवर पोट असणारी. घोडेवाला, होडी वल्हवणारा, कणीस भाजणारी, चणेवाला, चपलांचा दुकानदार, टॅक्सीवाला. मार्च ते जूनचा मध्य हा त्यांचा मोठा सीझन, दिवाळी-नाताळचा धाकटा. पाऊस लागला की नौकाविहार बंद, काही हॉटेलं बंद, आणि सीझनमध्ये मिळवलेल्या पैशावर पुढचे महिने काढायचे. तळ्यावर बापाच्या घोड्याचा लगाम धरून चालणारा मुलगा काही वर्षांनी स्वतःचा घोडा घेऊन उभा दिसतो. आमच्या वडिलांना घोड्यावर बसवणाऱ्याचा नातू आज माझ्या मुलीला बसवत असेल, हे अगदी शक्य आहे. आम्ही कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या जागी इतकी अनोळख राहिली, याचं मला वाईट वाटतं.

आसपासच्या गावांची कहाणी स्ट्रॉबेरीने बदलली. मेटगुताड, अवकाळी, भिलार, भोसे या भागांत पाऊस ओसरला की रोपं लागतात आणि नाताळपासून उन्हाळ्यापर्यंत फळ येत राहतं. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा ही जातींची नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आंब्याच्या जातींइतकी सहज असतात. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. मधाचंही इथे महत्त्व आहे. जांभूळ, गेळा, हिरडा यांच्या फुलोऱ्यावर इथल्या मधमाश्या जगतात, आणि कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते तेव्हा त्या मधाची वाट पाहिली जाते. २०२२ साली तालुक्यातलं मांघर हे ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. स्ट्रॉबेरीला ठिबकने पाणी लागतं, मधमाशीला जंगल लागतं, घोड्याला चारा लागतो, पाहुण्याला शॉवर लागतो. सगळ्यांची मागणी अखेर एकाच डोंगराच्या पाण्यावर येऊन थांबते.

दोन रिकामे उन्हाळे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा सीझन नुकताच सुरू होणार होता. शेतात फळ पिकलेलं, गिऱ्हाईक नाही, वाहतूक नाही. काठावरच्या टपऱ्यांना ताडपत्री, होड्या उलट्या. घोड्यांच्या खाण्याचा खर्च मात्र थांबत नव्हता. २०२१ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. ज्यांचं वर्ष या तीन-साडेतीन महिन्यांवर उभं असतं, त्यांना सलग दोन वर्षं हा फटका बसला. पर्यटन थांबवा म्हणजे तळं वाचेल, असं म्हणणाऱ्याने ते दोन उन्हाळे आठवावेत. तळं वाचायला हवं ते या घरांसकट.

आणि याच घरांना तळ्याची खरी माहिती आहे. पाहुणा मेमध्ये येतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काठच्या गवतावर आणि होडीच्या धक्क्यावर दव गोठून पांढरा थर बसतो, तो ते पाहतात. गावात थंडी असते, पण गोठण असते ती तळ्यापाशी आणि लिंगमळ्याच्या बाजूला, कारण निरभ्र रात्री जड, गार हवा उतारावरून ओघळत सखल भागात साचते. सांडव्याचा आवाज किती वाढला की पूल ओलांडू नये, हे त्यांना कळतं. कुठल्या वर्षी पाणी किती खाली गेलं होतं, हे ते सांगू शकतात. पण हे सगळं तोंडी आहे, आणि तोंडी माहिती एका पिढीबरोबर जाते.

आल्बम उघडा

इथे आपल्या घरांतले फोटो उपयोगी पडतात. आमच्याकडचा सर्वांत जुना फोटो वडिलांच्या एका मित्राच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेला आहे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढला जाई. मागे आजीच्या अक्षरात महिना आणि साल. फोटोत होडीमागे उतारावर दाट झाडी आणि एक पायवाट आहे. वडिलांच्या एलटीसीच्या काळातल्या फोटोत त्याच जागी कठडा आणि दोन टपऱ्या दिसतात. माझ्या रंगीत फोटोत टपऱ्यांची रांग आहे. मुलीच्या फोटोत गाड्या आहेत. काठावर मधे दिसणारा एक मोठा दगड चारही फोटोंत आहे. तो पाण्याच्या किती वर आहे ते मोजता येतं, आणि पहिल्या तीन फोटोंचा महिना मे आहे.

चार फोटोंवरून निष्कर्ष काढता येत नाही. एखाद्या वर्षी पाऊस कमी, एखाद्या वर्षी वळीव लवकर. पण चारशे, चार हजार फोटो एकत्र आले तर? प्रत्येकावर तारीख, कुठून काढला त्याची जागा, मागे काय दिसतं त्याची नोंद. पुणे, मुंबई, सातारा, कोल्हापूर, सांगली इथल्या कपाटांत हे फोटो पडून आहेत. आजी-आजोबा गेल्यावर आल्बम आवरताना ते फेकले जात आहेत. पाण्याची पातळी, काठची झाडी, बांधकामांची वाढ यांची सत्तर वर्षांची साक्ष दरवर्षी थोडी थोडी रद्दीत जाते आहे.

इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी १९१६ साली महाबळेश्वरवर पुस्तक लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला त्या काळचं गाव कळतं. सामान्य घरांच्या सुट्ट्यांचा असा संग्रह कुणी केलेला मला दिसलेला नाही. त्याला जागाही जवळच आहे. भिलार हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथल्या लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं ठेवली आणि ओसरी वाचकांना मोकळी केली. अशाच एका ओसरीवर वेण्णाच्या फोटोंचं एक कपाट का असू नये? एका बाजूला पाहुण्यांच्या घरातले फोटो, दुसऱ्या बाजूला घोडेवाल्यांच्या आणि होडीवाल्यांच्या घरातले, आणि त्यांच्या तोंडून लिहून घेतलेल्या आठवणी. नगरपालिकेला गाळ काढायचा असेल, अभ्यासकाला काठाची झीज मोजायची असेल, शाळेतल्या मुलांना आपल्या गावाचा इतिहास शिकायचा असेल, त्या सगळ्यांना ते उपयोगी पडेल.

बाकीचं देणं रोजच्या वागण्यातलं आहे आणि अवघड नाही. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावं आणि दोन दिवस जास्त राहावं. त्याने कोंडी कमी होते आणि काठावरच्या घरांना आठवडाभर काम मिळतं. तळ्यावर गाडी नेण्याऐवजी गावातून चालत यावं, अंतर दोन किलोमीटरच आहे. हॉटेलात बादली मागून घ्यावी. काठावर खाल्लेल्याचा कचरा पिशवीत भरून परत न्यावा. आणि मुलांना होडीत बसवण्याआधी एवढं सांगावं, की सकाळी आपण प्यायलो ते हेच पाणी.

दिवाळीचा धाकटा सीझन सुरू होतो तेव्हा तळं काठोकाठ भरलेलं असतं. जाणार असाल तर बांधावर उभं राहून पाण्याचा एक फोटो काढा, माणसं त्यात नसली तरी चालेल. मागे किंवा मोबाइलमध्ये तारीख लिहा. मेमध्ये पुन्हा जाल तेव्हा त्याच जागेवरून दुसरा काढा, आणि दोन्ही फोटो तुमच्या होडीवाल्याला दाखवून त्याच्या वडिलांच्या वेळी पाणी कुठे असायचं ते विचारा. तो जे सांगेल ते लिहून ठेवा, आणि त्याचं नावही.